‘लागणे’ ते ‘लावणे’ : दूरचित्रवाणीच्या वाटांचा इतिहास

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला व्याकरण शिकवताना अकर्मक धातूंपासून सकर्मक धातू कसे सिद्ध होतात, याची उदाहरणे फळ्यावर लिहीत होतो. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, लागणे-लावणे. शेवटच्या जोडीसाठी वाक्य दिले : ‘आज टीव्हीवर जुना चित्रपट लागला आहे.’ एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, चित्रपट आपोआप कसा लागेल? कोणीतरी लावावा लागतो ना?’ वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येताना तो प्रश्न सोबत आला. माझ्या पिढीला ‘लागणे’ हे क्रियापद इतके स्वाभाविक होते, की त्याला कर्ता नाही हे कधी जाणवलेच नव्हते. पाऊस लागतो, ऊन लागते, तसा रविवारी चित्रपट लागत असे. वर्गातील मुलांकडे तो लागत नाही. मुले तो लावतात.

एका क्रियापदाच्या या बदलामागे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. अँटेना, केबलची तार, छतावरची छत्री आणि आता टीव्हीच्या पाठीमागे खोचलेली बोटभर लांबीची स्टिक, अशा चार वाटांनी चित्रे मराठी घरात आली. या वाटांचा विचार आपण साधारणतः तंत्रज्ञानाचा विषय म्हणून सोडून देतो. परंतु वेळ कोणाच्या हाती, भाषा कोणती आणि जे पाहिले ते मागे उरते की नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक वाटेने निराळ्या रीतीने सोडवले आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला ते परके नसावेत.

१

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. त्या प्रारंभकाळात पु. ल. देशपांडे दिल्लीत या माध्यमाशी संबंधित होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. मुंबई केंद्र मात्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. पुण्याच्या गच्च्यांवरील अँटेनांची तोंडे सिंहगडाकडे वळली.

ही वाट सरळ रेषेची होती. प्रक्षेपकाचा मनोरा आणि घरावरची अँटेना यांच्यामध्ये डोंगर आला, की चित्र थांबे. त्यामुळे कोण दूरचित्रवाणी पाहणार, हे बऱ्याच अंशी सह्याद्रीने ठरवले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी ऐंशीच्या दशकातही पडद्यावर चित्रापेक्षा ‘मुंग्या’ अधिक असत. एकाने कौलांवर चढून नळी फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं… गेलं!’ असे ओरडायचे. येणारे आणि जाणारे ते चित्र होते. ते आणणारे आम्ही नव्हतो. मध्येच प्रक्षेपण थांबे आणि ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. आमच्यातील अनेकांनी हा संस्कृत शब्द कोशात नव्हे, त्या पाटीवर प्रथम वाचला.

कर्ता दिसत नसला, तरी तो होता. कार्यक्रम, वेळ, भाषा हे सारे एकच यंत्रणा ठरवत होती. संच बाळगण्यासाठीही परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यास गेली. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तरी दोन्ही शासनाच्या खात्यातच राहिली.

या मक्तेदारीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकात मराठी साहित्य आणि रंगभूमी यांना या माध्यमात जे स्थान होते, ते पुढे क्वचितच मिळाले. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ ही नावे अजून स्मरणात आहेत. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघरी गेला. बाजाराची गणिते नसल्यामुळे निर्मात्यांना लेखकाच्या दारी जाता येत होते.

या स्थानाला पहिला धक्का लागला तो केबलने नव्हे, उपग्रहाने. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ देशभर एकाच वेळी जाऊ लागला. त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगही आला. पण रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे, म्हणजे हिंदी-इंग्रजीकडे गेला आणि मराठी संध्याकाळच्या उरलेल्या तासांत मावू लागली. ‘हम लोग’ (१९८४), ‘रामायण’ (२५ जानेवारी १९८७ पासून) आणि ‘महाभारत’ (२ ऑक्टोबर १९८८ पासून) यांनी मालिका ही गोष्ट रूढ केली, ती हिंदीतून. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे वर्णन आता घासून गुळगुळीत झाले आहे. परंतु सर्वांची वेळ एक होती, हा त्यातील मुद्दा महत्त्वाचा आहे.

२

दुसरी वाट तारेची. ती मुळात दूरचित्रवाणी आणण्यासाठी आलीच नव्हती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईतील इमारतींत एखादा उद्योगी तरुण तळमजल्यावर व्हिडिओ प्लेयर ठेवी आणि तारा ओढून घरोघरी चित्रपट दाखवी. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि सीएनएनची दृश्ये उपग्रहावरून घेऊन दाखवता येतात, हे प्रथम बड्या हॉटेलांच्या आणि मग केबलचालकांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षे होत असताना, झी टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले.

कायदा मागे राहिला होता. १८८५ च्या तार अधिनियमानुसार प्रक्षेपणाचा अधिकार शासनाचा. पण परदेशातून येणारे चित्र छत्रीने झेलून रस्त्यावरून ओढलेल्या तारेने शेजाऱ्याला द्यायचे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील कायद्यात कोठून असणार? केबलसाठी स्वतंत्र अधिनियम झाला तो १९९५ मध्ये. गंमत अशी, की केबलचालकाची नोंदणी पुन्हा टपाल कार्यालयातच करायची होती. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात निर्णय दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. तो अमलात आला १९९७ मध्ये.

तारेबरोबर एक नवा माणूस मराठी समाजात आला : केबलवाला. तो गल्लीतलाच असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दारात येई, पैसे घेई, क्वचित ‘पुढच्या महिन्यात द्या, काकू’ असेही म्हणे. पैसे थकले की केबल ‘तोडली’ जाई. (फळ्यावरची दुसरी जोडी आठवावी.) आणखी एक प्रसंग असे : घरात कोणी दहावीला गेले, की वडीलच केबल काढून टाकत. त्यागाचे आणि महत्त्वाकांक्षेचे ते मध्यमवर्गीय कर्मकांडच होते. ग्राहकाने स्वखुशीने, अधिक चांगल्या गोष्टीसाठी केबल सोडून द्यावी, हा अर्थ तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

मराठीचे काय झाले? पहिली सात-आठ वर्षे ही तार प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजीची होती. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी (पुढे झी मराठी) आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी (२०१५ पासून कलर्स मराठी) सुरू झाली. ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’, ‘वादळवाट’ या मालिकांनी मराठी कुटुंबाला पुन्हा मराठीत आणून बसवले. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. मालिकेच्या या अमर्याद लांबीची आपण थट्टा करतो; परंतु हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून हप्त्याहप्त्याने छापले, तेव्हापासून ‘क्रमशः’ हा मराठी कथनाचा स्थायी भाग आहे. वाट पाहणारा वाचक हरिभाऊंनी घडवला. दैनंदिन मालिकेने त्या वाट पाहण्याचे रोजच्या अर्ध्या तासात रूपांतर केले. योगायोग असा, की केबलजोडणीवर राज्य शासन जो कर घेई, त्याचेही नाव करमणूक कर असेच होते.

केबलची एक गोष्ट मात्र इतिहासात नोंदली जात नाही. जवळजवळ प्रत्येक केबलवाल्याची स्वतःची एक वाहिनी असे. तिच्यावर दुपारी चित्रपट, आणि एरवी गावातील गणपतीची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन, पालखीचे आगमन, एकांकिका स्पर्धेचे बक्षीसवितरण. चित्रण हललेले, आवाज खरखरीत. पण आपली आई, आपला मास्तर, आपल्या बोलीतला निवेदक पडद्यावर दिसण्याची ती एकमेव जागा होती. दिल्लीने वा मुंबईने जे कधी केले नसते, ते गल्लीतल्या तारेने केले. त्या कॅसेटांचे पुढे काय झाले, हे विचारल्यावर आमच्या गावचा केबलवाला म्हणाला, ‘त्याच्यावरच पुढचं शूटिंग घ्यायचो ना.’

३

तिसरी वाट थेट आकाशातून घरी येणारी. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर स्थिर भासणारा उपग्रह आणि दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली छोटी छत्री. डिश टीव्ही २००३ मध्ये, दूरदर्शनची विनामूल्य सेवा डिसेंबर २००४ मध्ये आणि टाटा स्काय २००६ मध्ये आली. सह्याद्रीने घातलेली अट या वाटेने रद्द केली. घाटाखालच्या वाडीत, धनगरवस्तीवर, ऊसतोड कामगारांच्या खोपीवरही छत्री दिसू लागली. राहिला तो एकच अडथळा : मुसळधार पाऊस. जून-जुलैत ढगांनी लहरी अडवल्या, की चित्राचे चौकोनी तुकडे होत.

पाठोपाठ तारेलाही खोके जोडले गेले. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला, तर पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ ला सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती आली : पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये व कर, सशुल्क वाहिन्यांचे दर वेगळे. दर्शकाने आपली यादी आपण निवडावी, असा तिचा हेतू होता. पण वाहिन्यांची यादी करणे हे अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना इतके क्लिष्ट वाटले, की त्यांनी केबलवाल्यालाच ‘तूच काय ते लाव’ असे सांगितले. निवडीचे स्वातंत्र्य आणि निवडीचा शीण यांची गाठ येथे प्रथम पडली. आणि गल्लीतला केबलवाला हळूहळू मोठ्या कंपनीचा वसुली करणारा झाला.

४

चौथी वाट इंटरनेटची. अमेरिकेत तिचा इतिहास सुबक आहे. तेथे केबल १९४८ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया आणि ओरेगॉनमधील डोंगराळ गावांत, आमच्या गावासारखीच अडचण होती म्हणून, जन्मली. पुढे तिचे मासिक बिल फुगत गेले. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे सुरू केले, २००८ मध्ये रोकूचे छोटे खोके आले आणि लोक बिलाला कंटाळून केबल सोडू लागले. नील्सनच्या मोजणीनुसार मे २०२५ मध्ये तेथे प्रवाही सेवा पाहण्याचा वेळ प्रक्षेपण आणि केबल या दोहोंच्या एकत्रित वेळेपेक्षा प्रथमच अधिक भरला.

आपल्याकडे क्रम निराळा. केबल मुळातच स्वस्त होती. ती महाग म्हणून सोडावी असे कारण नव्हते. हॉटस्टार २०१५ मध्ये, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाच्या डिसेंबरात आले. पण खरे वळण ५ सप्टेंबर २०१६ चे, जिओच्या प्रारंभाचे. डेटा स्वस्त झाला आणि दूरचित्रवाणी आधी टीव्हीतून निघून तळहातावरच्या मोबाइलवर गेली. टीव्हीला जोडायची स्टिक आणि स्मार्ट टीव्ही त्यानंतर घरोघर आले. म्हणून आपल्याकडे तार तोडली गेली असे म्हणण्यापेक्षा, नव्या संसाराने ती घेतलीच नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. २०२० च्या अखेरीस देशात डीटीएचचे सक्रिय ग्राहक सुमारे ७ कोटी होते. २०२५ मध्ये ती संख्या ५.७ कोटींच्याही खाली आली. यातील काही घरे इंटरनेटकडे गेली, काही दूरदर्शनच्या विनामूल्य छत्रीकडे. म्हणजे एकच ओहोटी, पण पाणी दोन दिशांना गेले : सधन घर मागणीनुसार लावू लागले आणि गरीब घरात जे लागेल ते पाहणे चालू राहिले.

मराठीला या वाटेने काय दिले, हेही पाहू. तीन हजार भागांच्या मालिकेला पर्याय मिळाला. ‘आणि काय हवं’ (२०१९) सारखी छोट्या भागांची, भांडणाविना चालणारी दांपत्यकथा वाहिनीच्या गणितात बसली नसती. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ (२०२०) ने तरुण वाचकांना पुन्हा पुस्तकाकडे वळवले, हे आमच्या ग्रंथालयाच्या खिडकीवर मी स्वतः पाहिले आहे. परदेशी असलेल्या मराठी माणसाला आता सातासमुद्रापलीकडे कॅसेट मागवावी लागत नाही. हा लाभ लहान नाही.

पण मुले म्हणतात, ‘मालिका एका रात्रीत संपवली.’ कादंबरी आपण ‘वाचून काढत’ होतो. मालिका ‘संपवली’ जाते, ताटातले अन्न संपवावे तशी. ‘क्रमशः’ गेले आणि त्याबरोबर दोन भागांच्या मधली ती चर्चा गेली, ज्यात वाचक किंवा दर्शक स्वतःही थोडा लेखक होत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, तेव्हा ज्या घरांत सर्व काही हवे तेव्हा लावता येत होते, तीही ठरल्या वेळी पडद्यापुढे बसली. ते भक्तीमुळे झाले, भीतीमुळे की स्मरणरंजनामुळे, हे सांगणे कठीण. सर्वांना एकाच वेळी काहीतरी लागावे, ही भूक मात्र त्यात होती.

५

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परततो. ‘कोणीतरी लावावा लागतो ना?’ आपण लावतो, असे तिचे मत. पण खरोखर आपण लावतो का?

गेल्या वर्षी नाटकाच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी एका मराठी नाटकाचे चित्रीकरण पाहायला सांगितले होते. ते एका अॅपवर होते. वर्गातील निम्म्या मुलांनी पाहिले, निम्मी परीक्षेच्या सुट्टीत पाहणार होती. सुट्टीत ते तेथे नव्हते. करार संपला असावा. कोणतीही पाटी आली नाही; ‘व्यत्यय’ एवढा एक शब्दही नाही. उत्तरपत्रिकेत निम्म्या वर्गाने नाटकाविषयी लिहिले आणि निम्म्याने माझ्या व्याख्यानाविषयी. दोष त्यांचा नव्हता.

जुन्या काळाविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. दूरदर्शनकडे फिती महाग होत्या, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. पहिल्या दशकातील कितीतरी मराठी कार्यक्रम असेच नाहीसे झाले. केबलवाल्याचे उत्तर वर दिलेच आहे. पुसून टाकण्याची सवय जुनीच आहे. फरक इतकाच, की तेव्हा कार्यक्रम गेला हे आपल्याला ठाऊक होते. आता तो ‘तेथे आहेच’ या समजुतीत आपण असतो. शिवाय तेथे म्हणजे कोठे, हेही बदलत असते. ‘समांतर’ आणि ‘आणि काय हवं’ ज्या एमएक्स प्लेयरवर आले, तो २०२४ मध्ये अमेझॉनकडे गेला. नोव्हेंबर २०२४ मधील विलीनीकरणाने स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन प्रतिस्पर्धी वाहिन्या एकाच छत्राखाली आल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची अॅपेही एक झाली. एका यंत्रणेपासून निघालेला हा प्रवास, हजारो केबलवाल्यांच्या टप्प्यावरून, पुन्हा मोजक्या दोन-चार दारांशी येऊन थांबला आहे. प्रसार भारतीनेही २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात आपले ‘वेव्ह्ज’ हे अॅप आणले, आणि जुन्या कार्यक्रमांतील जे वाचले ते तेथे पाहता येऊ लागले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मराठीत पुस्तक छापले, तर १९५४ च्या कायद्यानुसार त्याच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात संग्रहालय आहे. हरिभाऊंचे ‘करमणूक’ सव्वाशे वर्षांनंतरही आपण चाळू शकतो, ते कोणीतरी बांधणी करून कपाटात ठेवले म्हणून. मालिकेसाठी, वेबमालिकेसाठी, गल्लीतल्या वाहिनीवरच्या एकांकिकेसाठी अशी जमा करण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. उद्याचा संशोधक २०१६ नंतरच्या मराठी कथनाचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्यापुढे कथांऐवजी कथांविषयीचे आमचे लेखच असतील, हा धोका खरा आहे. तेही राहिले तर.

‘लागणे’ आणि ‘लावणे’ या दोन्हींच्या पलीकडे मराठीत आणखी एक संयुक्त क्रियापद आहे : ‘लावून ठेवणे’. घरातील पुस्तके आपण लावून ठेवतो. पुढच्याला हाताशी सापडावीत म्हणून. पडद्यावरच्या मराठीसाठी हे क्रियापद अजून कोणी वापरलेले नाही. विद्यापीठांचे मराठी विभाग, महाविद्यालयांची ग्रंथालये आणि ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी न पुसलेली कॅसेट पडून आहे ते गावोगावचे केबलवाले, यांच्यापासून ते सुरू करता येईल. आमच्या गावच्या केबलवाल्याकडे मी पुन्हा जाणार आहे. सगळ्याच कॅसेटांवर त्याने पुढचे शूटिंग घेतले नसेल, अशी आशा आहे.